मांडीच्या भरवशावर गुडघा



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावाला कबड्डी आणि खो-खोची गोडी लावली. आज त्यांच्या विद्यार्थ्यांची मुलं मैदानावर आहेत. म्हणून खुबा, मांडी आणि गुडघा हा विषय मी आनंदाने घेतला. अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात रोज तीन पिढ्यांची माणसं बसलेली असतात. चढाई करताना गुडघा फिरलेला अठरा वर्षांचा मुलगा, जिना उतरताना कठड्याला धरणाऱ्या पन्नाशीच्या बाई आणि न्हाणीघरात घसरून खुबा मोडलेल्या आजी. तिघांचं दुखणं वेगळं, वय वेगळं. पण जे दुखतं तेवढाच भाग बिघडला आहे, ही समजूत मात्र तिघांची सारखीच. आज मला जे सांगायचं आहे ते या समजुतीच्या विरोधात आहे. गुडघ्याला स्वतःचं संरक्षण फार थोडं आहे. त्याला सांभाळतात ते मांडीचे आणि खुब्याचे स्नायू. ते तयार असतील तर बऱ्याच दुखापती टळतात, आणि झाल्याच तर माणूस त्यांतून नीट बाहेर येतो.

सुरुवात वरून करू. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. गुडघ्याची गणना तिथे ‘कोर’ प्रकारात होते आणि खुब्याची ‘उलूखल’ प्रकारात. उलूखल म्हणजे आपलं उखळ. मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा कटीच्या हाडातल्या खोलगट भागात बसतो आणि सगळ्या दिशांना फिरतो. हा खोलगट भाग एका हाडाचा नाही. लहानपणी तिथे तीन वेगळी हाडं कूर्चेने जोडलेली असतात आणि किशोरवयात ती एकजीव होतात. या खोलीच्या काठाला कूर्चेची एक कड असते, ती माथ्याला धरून ठेवते. पुढच्या बाजूला असलेला अस्थिबंध तर सबंध शरीरातला सर्वांत बळकट मानला जातो. म्हणून निरोगी खुबा सहसा जागचा हलत नाही. तो निखळायला मोठा आघात लागतो. मोटारीत पुढे बसलेल्या माणसाचा गुडघा समोरच्या डॅशबोर्डवर आपटला की तो धक्का मांडीच्या हाडातून वर जातो आणि माथा मागे निसटतो. पाय आखडलेला, आत वळलेला आणि आखूड दिसतो. अशा वेळी तो पाय ओढून बसवायचा प्रयत्न रस्त्यावर कुणी करू नये. पण उशीरही करू नये. माथा काही तासांच्या आत जागेवर बसला नाही तर त्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

आता एक प्रयोग इथेच बसल्या बसल्या मनात करा. एका पायावर उभे राहा. शरीराचं वजन त्या खुब्याच्या आतल्या बाजूला पडतं, म्हणजे कंबर दुसऱ्या बाजूला खाली झुकायला हवी. ती झुकत नाही, कारण खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा ग्लुटियस मीडियस हा स्नायू तिला ओढून धरतो. पण त्याला हे काम फार कमी अंतरावरून करावं लागतं, म्हणून जोर खूप लावावा लागतो. त्याचा जोर आणि शरीराचं वजन मिळून खुब्यावर साध्या चालण्यातसुद्धा वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. बर्लिनमध्ये बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम खुब्यातच मोजमापाचं यंत्र बसवून हे प्रत्यक्ष मोजलं. ठेच लागून तोल सावरताना तर आठ पटींहून अधिक भार नोंदला गेला. हा बाजूचा स्नायू दुबळा असला की प्रत्येक पावलाला कंबर पडते. फ्रीड्रिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ साली या चालीचं कारण उलगडलं आणि आजही आम्ही रोग्याला एका पायावर उभं करून हेच पाहतो.

यातून घरोघरी उपयोगी पडेल अशी एक गोष्ट निघते. खुबा दुखत असेल तर काठी दुखऱ्या बाजूला नव्हे, दुसऱ्या हातात धरायची. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. तिथून काठीने दिलेला थोडासा जोर लांबून लागतो, म्हणून उजव्या खुब्याच्या स्नायूचं बरंचसं काम हलकं होतं. आपल्याकडे बहुतेक आजोबा काठी दुखऱ्या पायाच्या बाजूलाच धरतात. आज घरी गेल्यावर फक्त हात बदलून पाहा.

खुब्याबद्दल आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडतं आणि गुडघ्याचा एक्स-रे अगदी स्वच्छ येतो. खुब्याला आणि गुडघ्याच्या परिसराला संवेदना पुरवणाऱ्या काही नसा एकच आहेत. त्यामुळे खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. चार ते आठ वर्षांच्या मुलांत पर्थेस नावाच्या आजारात माथ्याचा रक्तपुरवठा कमी होतो. दहा ते सोळा या वयात, विशेषतः वजनदार मुलांत, वाढीच्या थरातून माथा सरकू शकतो. माथा सरकला असेल आणि मूल त्या पायावर चालत-खेळत राहिलं तर तो आणखी सरकतो. म्हणून लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा तपासताना खुबा तपासलाच पाहिजे. तुमच्या डॉक्टरांनी तो तपासला नाही तर नम्रपणे आठवण करून द्या. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

आता आजींकडे येऊ. मांडीच्या हाडाचा माथा आणि सरळ दांडा यांच्यामध्ये एक तिरकी मान असते. म्हातारपणात, विशेषतः पाळी गेल्यानंतर स्त्रियांत, हाडं विरळ होतात आणि उभ्या उंचीवरून पडलं तरी ही मान मोडते. मोडलेला पाय आखूड होतो, पाऊल बाहेरच्या अंगाला कलतं आणि आजी तो उचलू शकत नाहीत. इंग्रज शल्यचिकित्सक अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये एक महत्त्वाचा भेद दाखवला. सांध्याच्या आवरणाच्या आत मोडलेली मान आणि आवरणाच्या बाहेर मोडलेलं हाड, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कारण माथ्याला रक्त पोचवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेला चिकटूनच वर जातात. आत मोड झाली की त्या फाटतात. मग माथा जगत नाही किंवा हाड जुळत नाही. बाहेर मोड झाली तर तिथे रक्त भरपूर असतं आणि हाड जुळतं, पण वाकडं जुळण्याची भीती असते. वृद्ध माणसाच्या आतल्या मोडीत माथा बदलावा लागतो तो याच कारणाने. जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथे धातूचा छोटा माथा आणि प्लास्टिकची वाटी यांची जोडी बसवली. आजची शस्त्रक्रिया त्यांच्याच कामावर उभी आहे.

इथे मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण या ठिकाणी आपल्या घरांत निर्णय चुकतो. ‘आता वय झालं, ऑपरेशन सोसणार नाही, घरीच ठेवू’ हे वाक्य प्रेमातून येतं, ते मला ठाऊक आहे. पण खुबा मोडलेल्या वृद्धाचा जीव हाडामुळे जात नाही, तो अंथरुणामुळे जातो. एकाच जागी पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, पाठीला व्रण होतात, पायातल्या शिरांत गुठळ्या होतात, खाणं कमी होतं, मन खचतं. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतला एक वर्षाच्या आत दगावतो. लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून माणसाला उठवून उभं केलं तर हा धोका कमी होतो. भूल देणं आज पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. वय हे शस्त्रक्रिया टाळण्याचं कारण नसून ती लवकर करण्याचं कारण आहे. आणि ती वेळच येऊ नये म्हणून न्हाणीघरात धरायला एक दांडी, रात्री जाता-येता एक दिवा, पायात घसरणाऱ्या सपाता नकोत, डोळ्यांतला मोतीबिंदू वेळेवर काढलेला, आणि रोज खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तोल जातो तेव्हा माणसाला सावरतात ते मांडीचे स्नायू.

मांडीचं हाड शरीरातलं सर्वांत लांब, माणसाच्या उंचीच्या जवळपास पाव हिस्सा. ते मधोमध मोडायला वाहनाची धडक लागते आणि मोडलं की मांडीत एक ते दीड लिटर रक्त साठू शकतं. बाहेर एक थेंब दिसत नाही, तरी माणूस पांढराफटक पडतो. मोडलेली मांडी हलू न देता नेणं हाच पहिला उपचार आहे. सुश्रुतसंहितेत मांडी मोडलेल्याला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधाराने पाय स्थिर ठेवायचं ‘कपाटशयन’ सांगितलं आहे. त्यामागचा विचार आजही खरा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस यांनी गुडघ्याच्या क्षयासाठी एक लोखंडी कडीची पट्टी तयार केली. हे थॉमस पिढीजात हाडवैद्यांच्या घरातले. वडिलांना पदवी नव्हती आणि त्यापायी त्यांना कोर्टकचेऱ्या सोसाव्या लागल्या, म्हणून त्यांनी मुलांना वैद्यकशाळेत घातलं. थॉमस यांचं १८९१ साली निधन झालं. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात तीच पट्टी आघाडीवर नेली आणि गोळीने मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू झपाट्याने घटले. हाडवैद्याच्या घरातली हातोटी आणि शरीररचनेचा अभ्यास एकत्र आले की काय होतं, त्याचं हे उदाहरण मला फार प्रिय आहे. त्यानंतर १९३९ मध्ये गेर्हार्ड कुंचर यांनी कील इथे हाडाच्या पोकळीत सळई घालून मोड स्थिर केली. आज अपघातातला तरुण दोन-चार दिवसांत कुबड्यांवर उभा राहतो तो त्या सळईमुळे.

पण खेळाडूंच्या मांडीला रोज भेटणाऱ्या दुखापती वेगळ्या आहेत. समोरच्याचा गुडघा मांडीत बसतो आणि पुढचा स्नायू आतल्या आत, हाडावर चेपला जातो. मांडी सुजते, गुडघा वाकत नाही. अशा वेळी आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो: गरम तेल आणि जोरदार मालीश. मंडळी, हे करू नका. मी हे आर्जवाने सांगतो आहे. चेपलेल्या स्नायूत ताजं रक्त असतं. ते रगडलं किंवा शेकलं की रक्तस्राव वाढतो आणि काही आठवड्यांनी त्या जागी चक्क हाड तयार होऊ शकतं. मग गुडघा महिनोन् महिने पुरता वाकत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत यावर एक साधा उपाय वापरला गेला. लागल्यावर लगेच गुडघा सोसेल तेवढा, साधारण १२० अंशांपर्यंत, वाकवून पट्टीने बांधायचा आणि २४ तास तसाच ठेवायचा. मार लागलेला स्नायू ताणून राहिला की आत रक्त साठायला जागा कमी मिळते. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा. मालीश करणाऱ्या माणसाच्या हातात गुण असेलही, पण पहिल्या आठवड्यात त्याला थांबायला सांगा.

मागच्या बाजूला तीन स्नायूंचा गट आहे, हॅमस्ट्रिंग. पळताना पाय पुढे झेपावतो आणि टेकण्याच्या आधी या स्नायूंना त्याला आवरावं लागतं. म्हणजे लांब होत असतानाच जोर लावावा लागतो. नेमक्या त्याच क्षणी ते फाटतात. खेळाडू मधेच मांडीचा मागचा भाग धरून थांबतो. डेन्मार्कमध्ये ५० फुटबॉल संघांतल्या ९४२ खेळाडूंवर एक अभ्यास झाला. जवळपास निम्म्या खेळाडूंनी दहा आठवडे एकच व्यायाम केला. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि धड सरळ ठेवून अगदी सावकाश पुढे झुकत जायचं. मोसमभरात व्यायाम करणाऱ्या गटात १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्या गटात ५२. या व्यायामाला साहित्य लागत नाही, पैसे लागत नाहीत. सतरंजी आणि एक मित्र पुरतो. तरी आपल्या किती तालमींत तो होतो? जोर आणि बैठकांची आपली परंपरा थोर आहे आणि बैठकांनी मांडीची पुढची बाजू तयार होते. पण मागची बाजू बहुधा राहून जाते.

आता गुडघा. मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट पृष्ठभागावर टेकलेली असतात. खुब्यासारखी खोल बैठक इथे नाहीच. गोल आणि सपाट यांच्यामधली पोकळी भरायला दोन अर्धचंद्राकार कूर्चा आहेत. रोगी त्यांना ‘गादी’ म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरतो. पुढे वाटी, म्हणजे शरीरातलं सर्वांत मोठं कंडरेतलं हाड. ती मांडीच्या पुढच्या चार स्नायूंचा जोर नडगीपर्यंत पोचवते. दोन्ही बाजूंना एकेक अस्थिबंध, आणि आत मध्यभागी एकमेकांना छेद देणारे दोन. त्यांतला पुढचा, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि आत पिळू देत नाही. गुडघा वाकतो, थोडासा वळतो आणि हा वळणारा भागच खेळात घातक ठरतो.

कबड्डीतली चढाई डोळ्यांसमोर आणा. चढाईपटू निदान रेषा ओलांडून आत जातो, हात मारतो आणि वळून मध्यरेषेकडे झेप घेतो. त्याच क्षणी कोपरारक्षक घोट्याची पकड घेतो. पाऊल मॅटवर रोवलेलं, शरीर वळून पुढे निघालेलं, आणि बाजूने मध्यरक्षक मांडीवर येऊन आदळतो. मांडी फिरते, नडगी फिरत नाही. ‘कट्’ असा आवाज खेळाडूला स्वतःला ऐकू येतो. मातीवर पाऊल थोडं सरकतं, मॅटवर ते अधिक घट्ट धरलं जातं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हापासून हा खेळ केवढा बदलला! १९९० मध्ये तो बीजिंगच्या आशियाई खेळांत गेला. आता व्यावसायिक लीग आहे, मॅट आहे, बूट आहेत, वेग आहे. गुडघ्यावर पडणारा पीळ त्याबरोबर वाढला आहे. आपल्या मुलांची तयारी मात्र अजून मातीच्या काळातलीच आहे.

आणि कुणी धरलेलं नसतानाही एसीएल तुटतो, हे पालकांना सांगितलं तर पटत नाही. खो-खोत पाठलाग करणारी मुलगी खांबाला वळसा घालते, उडी मारून एका पायावर उतरते आणि गुडघा आत पडतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी अशा दहा प्रसंगांचं चित्रण वेगवेगळ्या कोनांतून तपासलं. पाऊल टेकल्यावर सुमारे ४० मिलिसेकंदांत गुडघा आत आणि वळलेला दिसतो. इतक्या थोड्या वेळात मेंदूपर्यंत बातमी जाऊन आज्ञा परत येत नाही. म्हणजे त्या क्षणी सावध होऊन काहीच करता येत नाही. स्नायूंनी आधीच आवळलेलं असलं पाहिजे, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवायची सवय आधीच अंगात मुरलेली असली पाहिजे. गुडघा आत पडू न देण्याचं काम पुष्कळसं त्या बाजूच्या ग्लुटियस स्नायूंचं आहे. वर ज्याची गोष्ट सांगितली तोच खुब्याचा स्नायू इथे गुडघा वाचवतो. वळण्या-उडण्याच्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांच्या दुपटीहून अधिक होते. त्यामागे हाडांची ठेवण आणि शारीरिक बदल आहेत, तसाच ताकदीच्या व्यायामाचा अभावही आहे. पहिल्या दोन गोष्टी बदलता येत नाहीत. तिसरी येते.

दुखापत झाल्यावर काय पाहायचं? दोन-तीन तासांच्या आत गुडघा टम्म सुजला तर आत रक्त आहे आणि एसीएल तुटल्याची शंका घ्यायलाच हवी. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर गादीकडे लक्ष जातं. गुडघा अडकून सरळच होईना, तर फाटलेल्या गादीचा तुकडा मधे आलेला असू शकतो आणि तिथे थांबून चालत नाही. चार पावलं टाकता येत नसतील, नव्वद अंशांपर्यंत वाकवता येत नसेल, वाटीवर किंवा बाहेरच्या बाजूच्या लहान हाडाच्या माथ्यावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा वय ५५ वा त्याहून अधिक असेल, तर एक्स-रे काढायचा. पण सूज उतरली आणि चालता आलं म्हणून ‘बरा झाला’ असं धरून पुढच्या रविवारी स्पर्धेत उतरणं, हे मी दर मोसमात पाहतो. एसीएल नसलेला गुडघा सरळ चालताना त्रास देत नाही. वळताना तो पुन्हा निसटतो आणि प्रत्येक निसटण्यात गादी आणि कूर्चा झिजतात. पहिली दुखापत नशिबाने झाली असेल. दुसरी आणि तिसरी टाळता येण्यासारखी होती.

सुजलेल्या गुडघ्यात आणखी एक गोष्ट घडते, जी फारशी कुणाला ठाऊक नसते. सांध्यात पाणी किंवा रक्त साठलं की मज्जारज्जूच्या पातळीवरूनच मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञा मंदावते. मुलगा मनापासून पाय उचलू पाहतो आणि स्नायू आवळतच नाही. दोन आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. म्हणून सूज उतरवणं, गुडघा पूर्ण सरळ करणं आणि स्नायू पुन्हा जागा करणं, हे पहिलं काम. शस्त्रक्रिया त्यानंतरची.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, हालचाल करणाऱ्या माणसांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांवर लवकर शस्त्रक्रिया झाली. उरलेल्या ५९ जणांना आधी व्यायाम देऊन गुडघा निसटत राहिला तरच शस्त्रक्रिया करायची असं ठरलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या गुणांकनात फरक दिसला नाही आणि ५९ पैकी २३ जणांनाच शस्त्रक्रिया लागली. यावरून शस्त्रक्रिया निरुपयोगी असा अर्थ काढू नका. कबड्डी-खो-खोसारखे वळणाचे खेळ पुन्हा खेळायचे असतील, गुडघा निसटत असेल, गादी जोडण्याजोगी फाटली असेल, तर ती करावी आणि चांगल्या हाताने करावी. पण घाईने, सुजलेल्या आणि ताठ झालेल्या गुडघ्यावर केलेली शस्त्रक्रिया त्या मुलाच्या भल्याची नसते.

आणि त्यानंतर परत मैदानावर कधी? प्रत्येक आई-वडील आणि प्रत्येक संघव्यवस्थापक मला हाच प्रश्न विचारतो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या गटाने १०६ खेळाडूंचा पाठपुरावा करून २०१६ मध्ये दाखवलं, की शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं पुढे ढकलावं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला सुमारे निम्म्याने घटतो. त्याबरोबर दोन्ही मांड्यांची ताकद जवळजवळ सारखी झालेली असणंही तितकंच महत्त्वाचं. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. नऊ महिने पुरे, आणि तेही मांडी टेपने मोजून आणि ताकद तपासून. नोकरीच्या कोट्यासाठी, जिल्हा निवडीसाठी सहाव्या महिन्यात मुलाला उतरवू नका. दुसऱ्यांदा तुटलेला गुडघा पहिल्यासारखा कधीच होत नाही.

पन्नाशीच्या बाईंचं राहिलंच. त्यांच्या एमआरआयमध्ये ‘गादी फाटली’ असं लिहून येतं आणि त्या घाबरून दुर्बिणीचं ऑपरेशन विचारतात. या वयात गादीचं झिजून चिरणं हे केसांच्या पिकण्याइतकं सर्रास आहे. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ जणांवर अभ्यास झाला. काहींची फाटकी गादी दुर्बिणीने काढली, काहींवर नुसतंच शस्त्रक्रियेचं रूप घडवलं. वर्षभराने दोन्ही गट सारखेच होते. गुडघ्याच्या झिजेवर दुर्बिणीने धुऊन काढण्याबाबत ह्यूस्टनमध्ये १८० जणांवर असाच अभ्यास झाला आणि २००२ मध्ये त्याचाही निष्कर्ष तोच निघाला. या बाईंसाठी मांडीचा व्यायाम आणि वजन कमी करणं हाच पहिला उपचार. झिजलेल्या गुडघ्याच्या वजनदार माणसांत एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो, हेही मोजलं गेलं आहे. दिवसात आपण किती हजार पावलं टाकतो, त्याचा हिशेब तुम्हीच करा. आणि चालण्याला भिऊ नका. आळंदीहून पंढरीला चालत जाणाऱ्या साठी-सत्तरीच्या माळकऱ्यांच्या मांड्या पाहा. चालण्याने गुडघा झिजत नाही, बसून राहिल्याने मांडी झिजते.

आता या गावासाठी काय करता येईल ते सांगतो. नॉर्वेत १५ ते १७ वयाच्या १,८३७ हँडबॉल खेळाडूंवर, १२० क्लबांमध्ये, एक प्रयोग झाला. हँडबॉल कबड्डीसारखाच वळण्याचा, उड्यांचा, धक्काबुक्कीचा खेळ. सरावाच्या आधी पंधरा-वीस मिनिटांचा एक ठरावीक व्यायाम. धावणं, थांबणं, एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणं, आणि आधी सांगितलेला मांडीच्या मागच्या बाजूचा व्यायाम. गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. हे करायला डॉक्टर लागत नाही. लागतो तो रोज वेळेवर येणारा आणि गुडघा आत पडला की मुलाला नाव घेऊन हाक मारणारा प्रशिक्षक. मास्तरांसारखा.

मोसम सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत. मुलींच्या संघापासून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण त्यांना गरज अधिक आहे आणि त्यांच्या सरावाला वेळ नेहमी कमी मिळतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीच्या उडीचं चित्रण मोबाइलवर समोरून घ्या. उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का, एवढंच पाहायचं. ज्यांचे झुकतात त्यांची यादी करा आणि सहा आठवड्यांनी त्याच उड्या पुन्हा टिपा. चित्रण आणि यादी घेऊन माझ्याकडे या, मी वेळ राखून ठेवतो. संघाच्या बाई समोरच बसल्या आहेत आणि त्यांनी मघापासून वहीत काही लिहून ठेवलं आहे. प्रश्नांची सुरुवात त्यांच्यापासून करू या.